बापाचं नाव

शिरूर
१९ मे २००३

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

फोनवर तू नुसतं हां हां करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. कागदाला उत्तर द्यावं लागतं.

शुक्रवारी बुद्ध पौर्णिमा झाली. दौंडहून यायला तुला सुट्टी मिळाली नाही. बरं झालं मिळाली नाही, तुला बघवलं नसतं. धुरपदाकाकूंनी आबांना हाताला धरून विहारात नेलं. "पोपटभाऊ, तुमच्या आवाजाबिगर पौर्णिमा झाल्यागत वाटत न्हाई," म्हणाल्या. वीस वर्षं आपल्या वस्तीला पंचशील आबांनीच दिलं, पण अपघातानंतर ते तिकडे फिरकलेच नव्हते. उभे राहिले. उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला. एकेक ओळ ते म्हणत होते, मागून सगळे. तीन शीलं झाली आणि चौथ्याला त्यांचा आवाज बसला. पाचवं दारूचं, ते जवळ आलं ना! मागून कुणीतरी बोललंच, "आता म्होरलं कसं म्हणत्याल?" आणि खुसखुस सुरू झाली. आबा खाली बसले ते उठलेच नाहीत.

आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस, दादा. चार बोटं गेली त्याचं त्यांना इतकं वाटत नाही. पण नशेत मशीनमध्ये हात घातला, हा डाग सणसवाडीच्या कारखान्यातल्या मॅनेजरनं, सत्यजीत साहेबानं लावून दिला, आणि त्यापायी नोकरी गेली. प्रेसपुढची लोखंडी जाळी माल लवकर निघावा म्हणून त्यानंच काढायला लावली, हे तूच मला दवाखान्याच्या व्हरांड्यात रडत सांगितलं होतंस. नंतर तूही गप्प, आबाही गप्प.

ट्रंकेतला तो कागद मी बाहेर काढलाय. अपघाताच्या तिसऱ्या दिवशी कंपनीचा जर्मन साहेब दवाखान्यात जबाब घ्यायला आला होता, सत्यजीत मधे बसून इकडचं तिकडे करत होता, तो कागद. दीड पान, सगळं जर्मन. मी चहा घेऊन परत आले तोवर आबांनी डाव्या हाताचा अंगठा दिलेला होता.

मी जर्मन शिकणार आहे. हसू नकोस. मारुतरावांच्या सायबर कॅफेत मी दिवसभर बसतेच, दुपारी गिऱ्हाईक नसतं. पुण्यातून जुनं पुस्तक आणलंय. आधी कागद वाचणार, आणि मग त्या सत्यजीतला त्याच्याच साहेबापुढे, त्याच्याच भाषेत उभा सोलणार. तू तिथं होतास. काय काय विचारलं, काय काय सांगितलं, ते सगळं आठवून लिही.

तुझी
करुणा


दौंड
३ जून २००३

प्रिय करुणा,
जय भीम.

पत्र मिळालं. आबांचं वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

तू विचारलंस तिथं काय बोलणं झालं. करू, सव्वा वर्ष झालं. साहेब जर्मनमध्ये बोलायचा, सत्यजीत साहेब मराठीत विचारायचे, आबा हूं हूं करायचे. मला काय समजणार? आबा गुंगीतच होते.

जर्मन म्हणजे काय बाराखडी आहे का? लोक पुण्यात क्लास लावून थकतात. एक सुचवतो. तो कागद मला रजिस्टरनं पाठवून दे. आमच्या कंपनीच्या इथल्या युनिटला एकाला ती भाषा येते, त्याच्याकडून आठ दिवसांत लिहून आणतो. तुझा त्रास वाचेल.

आयुष आता धरून धरून चालतो. मायानं तुझ्यासाठी ड्रेसपीस घेऊन ठेवलाय, मोरपंखी. आबांना जप.

तुझा दादा
संघर्ष


शिरूर
२० जुलै २००३

प्रिय दादा,
जय भीम.

कागद पाठवणार नाही. पोस्टात गहाळ झाला तर? तुझ्या युनिटमधला माणूसही शेवटी सत्यजीतच्याच हाताखालचा.

आता माझी मजा ऐक. इंटरनेटवर जर्मन शिकणाऱ्यांचा एक फोरम सापडलाय, जगभरातले लोक तिथं लिहितात. नव्या माणसानं आधी स्वतःची ओळख द्यायची. मी सवयीनं वर ठळक 'जय भीम' लिहिलं आणि खाली पुस्तकातल्या चार ओळी. दुसऱ्या दिवशी बघते तर अकरा जणांची उत्तरं : सुस्वागतम, जयभीम! त्यांना वाटलं हेच माझं नाव. मी कशाला दुरुस्त करतेय? आता पेरू देशातला एक दंतवैद्य, व्हिएतनामची एक नर्स, सगळे मला जयभीम म्हणून हाक मारतात. आबांना सांगितलं तर वर्षात पहिल्यांदा हसले. म्हणाले, "बाबासाहेबबी शिकले व्हते ती भाषा. शीक."

तिथला नियम कडक आहे. आधी दुसऱ्या तिघांचं लिखाण तपासायचं, मग आपलं एक टाकायचं. मला हे कुठं माहीत! मी आल्या आल्या कागदाचं अर्धं पान टाकलं आणि खाली लिहिलं, अर्थ सांगा. तासाभरात पुसलं गेलं. वाल्ट्राउड नावाच्या बाई आहेत, कासेल गावच्या निवृत्त शाळामास्तरीण, त्यांनी चांगलं झापलं. इथे कुणाचं काम करून मिळत नाही, वाक्य तू लाव, चूक आम्ही दाखवू. मी 'वाल्ट्राउड आत्या, चुकले' असं लिहिलं. वयानं मोठ्या बाईला नुसत्या नावानं कशी हाक मारणार? त्यावर दोन दिवस त्यांचं काहीच नाही. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी एकच ओळ : मला आजवर कुणी आत्या म्हटलं नव्हतं, पाचव्या धड्यापासून सुरुवात कर.

कागदाच्या वरच्या चार ओळी लागल्या. तारीख, कंपनी, मशीन. दुसऱ्या परिच्छेदात 'झोन' असा शब्द आहे. झोन म्हणजे मुलगा, हे पहिल्याच धड्यात येतं. म्हणजे पोपट, अमक्याचा मुलगा. रेशन कार्डापासून मतदार यादीपर्यंत आपल्याकडे बापाचं नाव लागतं, तसं तिथंही लागत असेल. आजोबांचं नाव मात्र लिहिलेलं नाही, सत्यजीतला ते कुठलं ठाऊक! तेवढं सोडून मी पुढे गेले.

दिवाळीपर्यंत सगळा कागद वाचणार. मग बघ.

तुझी
करुणा


दौंड
११ ऑगस्ट २००३

प्रिय करुणा,

घाईत लिहितोय, सेकंड शिफ्ट आहे. कागद किती वाचून झाला? दुसरा परिच्छेद अवघड असेल तर सोडून दे, त्यात काही विशेष नसेल. तसल्या कागदांत निम्मं वायफळच असतं.

आणि त्या फोरमवर कंपनीचं नाव टाकू नकोस. कुणी बघितलं तर माझी नोकरी जाईल. सत्यजीत साहेबांनी मला इथं पर्मनंट केलंय, ते तू विसरतेस. ते मागच्या आठवड्यात आले होते, आबांची चौकशी केली. माणूस तू म्हणतेस तेवढा वाईट नाही.

आबा काही बोलले का? म्हणजे त्या दिवसाबद्दल, तुझ्याजवळ?

माझं ऐकशील तर तो कागद चुलीत घाल. गेलेली बोटं परत येत नसतात.

संघर्ष


शिरूर
१४ सप्टेंबर २००३

प्रिय दादा,
जय भीम.

चुलीत घाल म्हणतोस! वाचलं मी. ऐक, मराठी माझं आहे, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही : 'मशीनवरची जाळी कामगारानं स्वतःहून काढली. कामगारानं आदल्या रात्री मद्य घेतलं होतं.' आणि खाली आबांचा निळा अंगठा.

वाचलं तेव्हा कॅफेत तीन पोरं गेम खेळत होती. मी त्यांना बाहेर काढलं आणि शटर अर्धं ओढून बसले. माझ्या बापानं मराठीत काय सांगितलं असेल आणि त्या नीच माणसानं जर्मनमध्ये काय लिहवून घेतलं! दोन्ही भाषा एकट्यालाच येतात म्हणून आपल्याला कोण पकडणार, हीच त्याची मस्ती. ती मस्ती मला उतरवायचीय. नोकरी परत नको, काही नको. त्याचं तोंड उतरलेलं मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

तोच जर्मन साहेब १७ नोव्हेंबरला सणसवाडीत येतोय. स्वागताचा फलक छापायचं काम मारुतरावांकडेच आलंय. मी त्याला काय बोलायचं ती वाक्यं रोज दोन-दोन फोरमवर टाकते. 'हा माणूस खोटं बोलला.' 'माझे वडील दारू पीत नाहीत.' पेरूचा दंतवैद्य शब्दांचा क्रम लावून देतो, हनोईची नर्स क्रियापद सुधारते. माझा सगळा राग त्यांनी लाल अक्षरांत दुरुस्त करून दिलाय. एकट्या वाल्ट्राउड आत्यांनी विचारलं, जयभीम, हा गृहपाठच आहे ना? मी हो म्हटलं.

१७ तारखेला तू रजा काढून यायचंस. तू तिथं उभा होतास. आबा मराठीत काय बोलले ते साहेबापुढे तू सांग, त्याचं जर्मन मी करते.

तुझी
करुणा


शिरूर
२७ ऑक्टोबर २००३

दादा,

दीड महिना झाला, तुझं उत्तर नाही. आता त्याची गरजही राहिली नाही.

परवा पेरूच्या दंतवैद्याचं लिखाण तपासायची माझी पाळी होती. त्याच्या मुलाला पहिला दात आला, त्यावर लिहिलं होतं. झोन, झोन, झोन. मला आपला कागद आठवला. आत्यांना सहज विचारलं, तुमच्याकडे सरकारी कागदावर माणसाच्या नावाशेजारी बापाचं नाव कुठं लिहितात? त्या म्हणाल्या, कुठेच लिहीत नाहीत. अपघाताच्या जबाबात 'मुलगा' असं लिहिलं असेल तर तिथं मुलगा हजर असला पाहिजे.

मी घरी येऊन तो परिच्छेद पुन्हा लावला. 'सोबत काम करणाऱ्या मुलाच्या सांगण्यानुसार.' मद्याच्या वाक्याचं डोकं हेच आहे. मी ते बापाचं नाव समजून तीन महिने ओलांडून जात होते.

आबांना मुलगा एकच आहे.

आणि हेही आठवलं, दादा. त्या दिवशी मला चहा आणायला तू पाठवलं होतंस.

१७ तारखेला मी जाणार आहे. सगळा कागद वाचून दाखवणार, झोनसकट. त्याआधी तुला जे लिहायचं असेल ते लिही.

करुणा


दौंड
९ नोव्हेंबर २००३

करू,

तीन कागद फाडले, हा चौथा.

जाळी मी काढली. सत्यजीत साहेबांनी सांगितलं, ऑर्डर अडलीय, दोन तास बिनजाळीचं चालव. मी सेटर होतो, मशीन लावून द्यायचं काम माझं, पाना माझ्या हातात होता. आबा ड्यूटीला आले आन् म्हणाले, "जाळी कुठंय रं?" मी म्हणालो, "आबा, साहेबांनी सांगितलंय, चालवा." माझ्या शब्दावर त्यांनी हात घातला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी मशीन चालू केलं नसतं.

नंतर सत्यजीत साहेबानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, पाना तुझ्या हातात होता, केस तुझ्यावर होईल, बापाचा हात तोडला म्हणून आत जाशील. नाहीतर म्हण, रात्री प्याला होता, स्वतःच जाळी काढली. माया तेव्हा सातव्या महिन्यात होती. मी म्हणालो.

आन् आबांच्या खाटेपाशीच म्हणालो. ते गुंगीत नव्हते, ते मी तुला खोटं लिहिलं. साहेबानं मराठीत विचारलं, "खरं हाय का, पोपटराव?" आबांनी माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मग मान हलवली आन् अंगठा पुढं केला.

त्यांना सगळं माहीत हाय. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही कधी. जवा येतो तवा जेवलास का एवढंच विचारतात. म्हणून मला तिथं यायला होत नाही.

माझ्यावर उपकार कर, झोन तेवढं गाळ. सत्यजीतला काय करायचं ते कर. मला आयुष आहे.

संघर्ष


शिरूर
२० नोव्हेंबर २००३

दादा,

सोमवारी मी सणसवाडीला गेले. आबांना सांगितलं नाही. गेटवर दोन तास उभी राहिले. दुपारी साहेबाची गाडी आत वळली तेव्हा आडवी गेले आणि काचेवर तो कागद धरला. साहेब उतरला. सत्यजीत पुढे होऊन त्याला काहीतरी सांगायला लागला. पैसे मागायला आलीय, असं सांगत होता. मला समजलं, दादा! त्या एका क्षणासाठी सहा महिने दुपारी जेवले नाही.

मी म्हणाले, हा माणूस खोटं बोलतोय. जर्मनमध्ये. सत्यजीतनं वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू गेटवरचा लोखंडी खांबच बोलला.

साहेबानं केबिनमध्ये बोलावलं. मी माझी सगळी वाक्यं म्हणाले. तो म्हणाला, पुरावा? मी तुझं पत्र टेबलावर ठेवलं. ते मराठीत. मला वाटलं मला वाचायला सांगेल. त्यानं ते उचललं आणि सत्यजीतच्या हातात दिलं. तू वाच, म्हणाला, आणि जर्मनमध्ये सांग.

सत्यजीतनं सांगितलं. स्वतःच्या तोंडानं. 'दोन तास बिनजाळीचं चालव' हे गाळून पुढे जात होता. मी म्हणाले, साहेब, एक ओळ राहिली. त्यानं मागे जाऊन ती वाचली. 'आत जाशील' गाळलं, मी पुन्हा थांबवलं. तीन वेळा थांबवलं. तिसऱ्या वेळी त्याच्या ओठावर घाम होता. मी एकदाही नजर काढली नाही. साहेबानं पत्राची झेरॉक्स ठेवून घेतली, नवा जबाब लिहिला आणि सत्यजीतला बाहेर बसवलं. कालपासून त्याची केबिन बंद आहे म्हणतात. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटावी, पण वाटली नाही.

झोन मी गाळलं नाही. तुझ्या नोकरीचं काय होणार, मी विचारलं नाही.

तुझं पत्र वाचल्यावर आणखी एक समजलं. त्या पौर्णिमेला आबा चौथ्या शीलाला थांबले होते. चौथं दारूचं नाही, दादा. चौथं खोटं न बोलण्याचं. सगळी वस्ती पाचव्यावर हसत होती, आणि मीही पाचव्याचाच सूड घ्यायला निघाले होते. ते तुझ्यासाठी खोटं बोलले, म्हणून ते शील त्यांना दुसऱ्यांना देता आलं नाही.

८ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा आहे. विहारात ये आणि सगळ्यांसमोर सांग. जर्मन मी सत्यजीतसाठी शिकले. तुझ्यासाठी मराठी पुरेल.

करुणा


शिरूर
१३ डिसेंबर २००३

दादा,

तू आला नाहीस. सहाच्या एस.टी.पर्यंत मी स्टँडवर थांबले होते.

मग विहारात जाऊन तुझं पत्र मीच वाचलं. पहिल्या ओळीपासून. "जाळी कुठंय रं" पर्यंत आले आणि आबा म्हणाले, "करुणे, बास." मी थांबले नाही. "बास म्हणलं ना!" तरी थांबले नाही. आयुषचं नाव येईपर्यंत वाचलं. मागच्या पोरांपैकी कुणी हसलं नाही. धुरपदाकाकूंनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं होतं, आबांचं नाव धुऊन निघालं की माझं पोट भरेल.

आबा उठले. मला वाटलं बाहेर जातात. ते पुढे जाऊन उभे राहिले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौथं म्हणाले. आवाज बसला नाही. पाचवंही म्हणाले, आणि सगळी वस्ती त्यांच्यामागे म्हणाली. दादा, तू ऐकायला हवा होतास.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. रोज सकाळी विहारात जातात, लोक हात जोडतात, "पोपटभाऊ, जय भीम" म्हणतात, ते सगळ्यांशी बोलतात. घरी आले की गप्प. भाकरी वाढली तर खातात. काल एवढंच म्हणाले, तेही भिंतीकडे बघून, "त्येची नोकरी गेली का?" मी म्हणाले, माहीत नाही. ताट तसंच सारलं.

फोरमवर वाल्ट्राउड आत्यांनी विचारलं, जयभीम, तुझ्या गृहपाठाचं काय झालं? मी लिहिलं, सगळी वाक्यं बरोबर आली.

आज सकाळी आबा डाव्या हातात पेन धरून तासभर बसले होते. तुला दोन ओळी लिहिल्यात. माझ्याकडून डिंक मागून घेतला, कागदाची घडी चारी बाजूंनी चिकटवली आणि या पत्रात घालायला दिली. वर तुझं नाव आहे, वाकडंतिकडं, बापाच्या नावासकट.

मी ती घडी उजेडात धरून पाहिली. काही दिसत नाही. आत काय लिहिलंय, ते वाचून मला कळव.

करुणा